दोन फटक्यांचा दंड

त्या माणसानं बूट काढले आणि माझ्या पुढ्यात ठेवले.

पांढरे बूट. तळाला ओला चिखल, चिखलात गवताच्या काड्या. मी पहिल्या टीवर उभी होते. टी म्हणजे जिथनं पहिला फटका मारायचा ती जागा. हातात माझी स्टिक. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर माझा फोटो आणि फोटोखाली इंग्रजीत 'प्लेयर'.

"जल्दी साफ कर. फोटो निकालना है."

मी बुटांकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. पन्नाशीचे असतील. नुसत्या मोज्यांवर गवतात उभे होते आणि फोनवर बोलत होते. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते.

"साहेब, मी तुमची प्रो आहे," मी हिंदीत म्हटलं. "आज तुमच्या टीमबरोबर मी खेळणार आहे."

त्यांनी फोन कानापासनं बाजूला घेतला. माझं कार्ड वाचलं. आडनावापाशी थांबले. गाव कुठलं, म्हणाले. बेळगावजवळ हिंडलगा, म्हटलं. मग माझ्या चेहऱ्याकडं, हाताकडं, पायातल्या बुटांकडं बघितलं. सगळं बघून झाल्यावर टूर चालवणाऱ्या मॅडमना हाक मारली.

"मुझे प्रो चाहिए. कामवाली नहीं."

चारचौघांत. माझ्या तोंडावर. आणि आवाज जराही न चढवता. हॉटेलात भाजी बदलून मागावी तसं.

सीझनची ती पहिलीच स्पर्धा. आम्हा मुलींची ही टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका, मोठ्या टूरच्या खालची. डेव्हलपमेंट टूर म्हणतात. वर जायचं असेल तर इथं वर्षभर गावोगाव खेळायचं, आणि सीझन संपताना पहिल्या पाचांत असायचं. त्या पाचजणी मोठ्या टूरवर. बाकीच्यांनी पुन्हा खालनं, पात्रता फेरीपासनं सुरुवात करायची. प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रो-अ‍ॅम असतो. म्हणजे टूरला पैसा पुरवणाऱ्या कंपनीचे लोक हौसेनं खेळतात, आणि त्यांच्या प्रत्येक टीमला आमच्यातली एक खेळाडू देतात. हे साहेब म्हणजे त्या कंपनीचे मालक.

मॅडमनी मला झाडाखाली नेलं. खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्या जिवावर टूर चाललीये. आजचा दिवस अ‍ॅडजस्ट कर."

माझ्या जागी पद्मजा गेली.

पद्मजा निपाणीची. जैनांची. घरचा तंबाखूचा व्यापार, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी. आमच्या भागातनं टूरवर आम्ही दोघीच. तिच्या गाडीतनं आम्ही स्पर्धेला जायचो. पोरगी वाईट नव्हती. डबा उघडला की आधी माझ्यापुढं धरायची. त्या दिवशी मॅडमनी तिला बोलावलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, टोपी नीट केली आणि गेली. बूट दुसऱ्या कुणीतरी पुसून दिले. फोटो निघाला.

परत येताना गाडीत म्हणाली, "असंच असतंय गं. तू कशाला मनावर घेतेस?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. मनावर घेतलं नव्हतं. अंगावर घेतलं होतं. कातडी सोलल्यासारखी आग होत होती.

*

मी गोल्फ कुठल्या अ‍ॅकॅडमीत शिकले नाही. माझी आई मैदानावर गवत खुरपायला जायची. लहानपणी शाळा सुटली की मी दप्तर घेऊन तिथंच जाऊन बसायची. गोल्फच्या मैदानात जिथं शेवटी भोक असतं तो भाग ग्रीन. तिथलं गवत गालिच्यासारखं बारीक ठेवायचं असतं. त्यात दुसरं गवत उगवलं की बायका रांगेनं बसून खुरप्यानं काढायच्या. उकिडवं बसायचं, सरकायचं, बसायचं. आईचे गुडघे तिथंच गेले.

एक रिटायर्ड सुभेदार तिथं रोज खेळायला यायचे. त्यांनी मला एक जुनी लोखंडी स्टिक कापून बारकी करून दिली. मुलीनं हे कशाला, असं ते कधी म्हणाले नाहीत. "मान वर करू नको. चेंडूकडं बघ," एवढंच म्हणायचे. चेंडूकडं बघायला मी त्यांच्याकडनं शिकले. मान वर करायला मला पुढं वेगळं शिकावं लागलं.

माझे आप्पा वडगावला पॉवरलूमवर. सायकलीवर जातात, सायकलीवर येतात. मागांच्या आवाजानं कान गेलेत, त्यामुळं फोनवर ओरडून बोलतात. सुरुवातीला स्पर्धा झाली की विचारायचे, "किती पडलं गं?" मी आकडा सांगितला की खट्टू व्हायचे. "लईच कमी." त्यांना सांगून सांगून दमले, आप्पा, ह्या खेळात कमी पडलेलं चांगलं. कळल्यावर म्हणाले, "मग आपल्याला जमंल की हे."

तर पहिल्या स्पर्धेनंतर मी घरी आले आणि आईला म्हटलं, "पुढच्या वेळी माझी बॅग तू उचलायची."

प्रत्येक खेळाडूबरोबर एक कॅडी असतो. बॅग घेऊन चालतो, स्टिक काढून देतो. मी आतापर्यंत मिळेल तो माणूस घ्यायची. आता मला माझं कुणीतरी पाहिजे होतं. चार तास कुणी परकं बाजूनं चालू नये असं वाटत होतं.

"मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली.

"कळायला नको. नुसती चल माझ्यासंगं."

तिनं ठेकेदाराला सुट्टी मागितली. तो म्हणाला, गेलीस तर परत येऊ नको. ती माघारी आली, हातपाय धुतले, भाकरी थापायला बसली. तव्यावर भाकरी उलटत म्हणाली, "कॅन्व्हसचे बूट आण माझ्या मापाचे."

*

आई गोल साडीत, पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट, साडीवर कॅडीचं ते नारिंगी जाकीट, खांद्याला माझी बॅग. पहिल्या दिवशी लोक थांबून बघत होते. काहींनी फोटो काढले. एका मुलीच्या वडलांनी विचारलं, "हे चालतं का? ड्रेस कोड नाही का काही?" रेफ्रींनी पुस्तक बघितलं. साडीविषयी काही लिहिलेलं नव्हतं. चालतं, म्हणाले.

आई फटक्याविषयी कधी काही बोलली नाही. चांगला बसला तरी नाही, वाईट बसला तरी नाही. "चल," म्हणायची. तेवढ्या एका शब्दावर मी खेळले. लागोपाठ दोन स्पर्धांत वरच्या नंबरात आले. सीझनच्या क्रमवारीत माझं नाव वर सरकायला लागलं. पद्मजा आणि मी एकमेकींच्या मागंपुढं.

मग ती स्पर्धा आली.

दुसऱ्या दिवसाचा खेळ. त्या दिवसानंतर अर्ध्या मुली घरी जातात, अर्ध्या पुढं खेळतात. पद्मजा आणि मी एकाच ग्रुपमध्ये. शेवटून तिसऱ्या होलचं ग्रीन. माझा चेंडू भोकापासनं सहा-सात पावलांवर. मी मागं जाऊन उतार बघत होते. आई बॅग ठेवून भोकाच्या बाजूला उभी होती. तिला दिसलं. चेंडू आणि भोक यांच्या मध्ये, बारीक गवतात एक रुंद पानाचं तण.

ती खाली बसली. दोन बोटांनी मुळाशी धरलं. उपटलं. माती झटकली आणि तण पदरात टाकलं.

सगळं एका श्वासात झालं. आयुष्यभर केलेलं काम ते. हातानं केलं. तिनं नाही केलं.

पद्मजानं हात वर केला. रेफ्रींना बोलावलं.

नियम आहे. खेळाडूच्या वाटेत उगवलेलं काही त्यानं किंवा त्याच्या कॅडीनं उपटायचं नाही. दोन फटक्यांचा दंड. पद्मजाचं चुकलं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही हात वर केला असता. हे मी तेव्हाही मान्य केलं, आजही करते.

पण रेफ्री नियम समजावून सांगत होते, आणि आई ते तण पदरातनं काढून परत जमिनीत लावायला बघत होती. गुडघ्यावर बसून. बोटानं माती उकरून.

"लावतो की परत. न्हाय मोडलंय मुळात. बघा की साहेब," ती म्हणत होती.

कडेनं कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. कंपनीचा एक कॅमेरावाला तिथं होता. तो पुढं आला आणि अगदी जवळनं शूटिंग करायला लागला. आईच्या बोटांचं. मातीचं. तिच्या तोंडाचं.

मी आईला दंडाला धरून उठवलं. पट मारला, म्हणजे ग्रीनवरचा तो हलका फटका. चेंडू कुठं गेला आठवत नाही. त्या दिवशी मी एका फटक्यानं बाहेर पडले.

बसमध्ये आई खिडकीशी बसलेली. बाहेर बघतच म्हणाली, "मी येत न्हाय पुढं. माझ्यामुळं तुझं गेलं."

"येणार तू."

"ते हसत हुते गं."

"मला ऐकू आलं."

"मला वाटलं, बरं दिसंल म्हणून काढलं."

मी तिचा हात धरून बसले. नखांत माती होती.

*

चार दिवसांत ते शूटिंग सगळ्यांच्या फोनवर. वर लिहिलं होतं, 'घासवाली माँ'. खाली हसणारी तोंडं. गल्लीतल्या पोरांनी बघितलं. वडगावला मागावरच्या लोकांनी आप्पांना दाखवलं. आप्पांना आवाज ऐकू येत नाही, पण चित्र दिसतं. घरी आले. ताट पुढं घेऊन बसले आणि जेवलेच नाहीत.

मग हळूहळू लोकांचं हसणं बदललं. कुणीतरी लिहिलं, किती गरीब, किती साधी, डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्यानं लिहिलं, खरी आई. हजारो लोकांनी हात जोडले. मॅडमचा फोन आला, आवाज गुळासारखा.

"अगं, तू स्टार झालीस. साहेबांना तुमची स्टोरी फार आवडलीये."

मी विचारलं, "मॅडम, माझा खेळ?"

"तो तर आहेच गं."

नवीन बॅग आली. नवीन टोप्या, टी-शर्ट, सगळ्यावर कंपनीचं नाव. टोपी सगळ्याच मुलींना सक्तीची होती. मी घातली. पुढच्या स्पर्धांत आई परत माझ्याबरोबर चालली, पण आता ती ग्रीनवर पाऊल ठेवत नव्हती. बाहेरच थांबायची. दोन्ही हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट धरलेले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. मी खेळत होते, बरी खेळत होते, पण पट मारायच्या आधी नजर त्या हातांकडं जायची.

*

शेवटची स्पर्धा कोगनोळीजवळच्या एका रिसॉर्टवर. हायवेला लागून. एकीकडं नाक्यावर थांबलेल्या ट्रकांची रांग, दुसरीकडं तंबाखूची शेतं, मध्ये हे हिरवंगार मैदान. क्रमवारीत पद्मजा पाचवी, मी सहावी. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी एकत्र खेळणार होतो. मी तिच्यापेक्षा एक फटका कमी मारला की मी वर. नाहीतर ती.

सकाळी मी सरावाच्या रेंजवर चेंडू मारत होते. आई पाणी आणायला गेलती, ती आलीच नाही. पद्मजा आली. जरा घुटमळली.

"मावशींना जाहिरातीसाठी प्रॅक्टिस ग्रीनवर बसवलंय. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं.

मी स्टिक तिथंच टाकून गेले. ग्रीनभोवती दिवे, पांढऱ्या छत्र्या, माणसं. मध्ये आई. नऊवारी नेसवलेली, हिरवीगार, नवी कोरी. माझ्या आईनं जन्मात कधी नऊवारी नेसली नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पायांत काही नाही. बूट काढून ठेवायला लावलेले. हातात खुरपं. ती उकिडवी बसलेली आणि एक पोरगेला दिग्दर्शक तिला सांगत होता, "मावशी, अजून थोडं वाका. चेहऱ्यावर थकवा पाहिजे. आणि मुलगी मागनं येऊन पट मारेल, तेव्हा तिच्याकडं बघून डोळे पुसायचे."

आईनं मला बघितलं. नजर खाली घातली.

खुर्चीवर साहेब बसलेले. तेच. मला बघून उठले, दोन्ही हात पसरले.

"आओ बेटा, आओ. तुम्हारी कहानी दिल को छू गई."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. शोधत होते. कुठं ओळख दिसते का. लाज दिसते का, भीती दिसते का. काहीच नव्हतं. त्यांना मी आठवतच नव्हते. सगळं वर्ष मी त्यांचं ते एक वाक्य उरात घेऊन फिरले, आणि त्या माणसाच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

तिथं माझ्या आत काहीतरी थंड पडलं. आग विझली. डोकं एकदम स्वच्छ झालं.

"साहेब, आपण भेटलोय आधी," मी म्हटलं. या वेळी मराठीत म्हटलं.

"अच्छा? कब?"

"पहिल्या स्पर्धेत. तुम्ही मला बूट पुसायला दिलेत. मी तुमची प्रो आहे म्हटलं, तर म्हणालात, मुझे प्रो चाहिए, कामवाली नहीं. मॅडम होत्या तिथं. विचारा त्यांना."

मॅडम जमिनीकडं बघत होत्या. साहेब हसले. खरंच हसले.

"अरे, ग़लती हो जाती है. देखो, आज तो सब तुम्हारे लिए ही कर रहे हैं."

मी आईजवळ गेले. तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आई, ऊठ."

"असू दे बाळ," ती हळू म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षाची सगळी सोय करत्यात तुझी. बसायचंच तर हाय. रोजचंच काम हाय माझं."

"काम असतं तर मीबी शेजारी बसले असते. बसलेय की लहानपणी. त्याची लाज न्हवती कधी. आज हितं कुठलं काम हाय? तण तरी दिसतंय का तुला?"

आईनं ग्रीनवर नजर फिरवली. खरंच तण नव्हतं. एकसुद्धा. मग तिनं हातातल्या खुरप्याच्या पात्यावर अंगठा फिरवला.

"ह्याला धार बी न्हाय," ती म्हणाली.

तिनं ते खाली ठेवलं. माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, एक मिनिट, फक्त एक शॉट." आई त्याला म्हणाली, "माझी साडी कुठं ठेवलीस बाबा?"

मॅडम धावत आल्या. "हे काय चाललंय? ऐन वेळी नखरे करू नकोस. सगळं ठरलंय. पुढच्या सीझनला तुला कोण उभं करणार? कळतंय का तुला?"

"कुणाशी ठरलंय, मॅडम?"

"तुझ्या आईशी."

"तिला दंड झाला तवा ती कोण हुती ते कुणी विचारलं न्हाय. आता तिच्याशी ठरवताय?"

मी डोक्यावरची टोपी काढली. कंपनीचं नाव वर येईल अशी साहेबांच्या खुर्चीवर ठेवली.

पद्मजा ग्रीनच्या कडेच्या दोरीपाशी उभी होती. तिनं सगळं बघितलं. तिच्या डोक्यावर टोपी होती.

मी आईला खेळाडूंच्या खोलीत नेलं. तिथं कॅडींना मनाई. दारावरचा माणूस आडवा आला. "माझी आई साडी बदलणार आहे," मी म्हटलं, "बाजूला व्हा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो बाजूला झाला.

*

त्यानंतरच्या खेळाविषयी लोक विचारतात. काय सांगू? उघड्या डोक्यानं खेळले. ऊन होतं, तंबाखूच्या शेतांवरनं वारा होता, मान भाजून निघाली. चेंडू सरळ जात होता. आई ग्रीनवर आली. त्या दिवशी ती बाहेर थांबली नाही. माझ्या शेजारी उभी राहायची, झेंडा धरायची. "चल," म्हणायची.

पद्मजा आणि मी शेवटच्या होलला बरोबरीत आलो. तिचा चेंडू आधी भोकात गेला. माझा पट दोन पावलांचा, गेला तर मी एका फटक्यानं वर. असले पट मी झोपेत मारते. मारला. चेंडू भोकाच्या कडेला लागला, वळसा घेतला आणि बाहेर येऊन थांबला.

असं सांगायला मला आवडलं असतं की मी जिंकले. नाही जिंकले. सहावी राहिले. पद्मजा वर गेली. उघड्या डोक्याचा आणि त्या पटाचा काही संबंध नाही. पट चुकतात.

हात मिळवताना पद्मजाचे डोळे भरले होते. नंतर गाड्या लावलेल्या तिथं ती माझ्याजवळ आली.

"मी काय करायला पाहिजे होतं गं? सांग ना. मी काय करू शकले असते?"

"टोपी काढायला पाहिजे होतीस," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी तिची समजूत काढली नाही. तिच्या गाडीतही बसले नाही. आई आणि मी हायवेवर आलो, एस्टी मिळाली निपाणीपर्यंत, तिथनं बेळगावची गाडी. बसमध्ये आईनं पाय वर घेतले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही गुडघे चोळत बसली. निपाणी यायच्या आत झोपली. तोंड उघडं टाकून, गाढ. मी तिला असं झोपलेलं लई दिवसांत बघितलं नव्हतं.

*

आता पुढचं.

टूरकडनं शिस्तभंगाची नोटीस आली. टोपी काढली, प्रायोजकाचा अपमान केला, खेळाडूला न शोभणारी भाषा वापरली. मॅडमचा फोनही आला. गोड नव्हता. माफी मागितलीस तर विषय मिटेल, म्हणाल्या. चार ओळी लिही, साहेब मोठ्या मनाचे आहेत. नाहीतर पात्रता फेरीतनं नाव काढावं लागेल.

आप्पांनी फोन ऐकला नव्हता, माझं तोंड बघितलं होतं. "काय म्हणत्यात?" ओरडले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी सायकलीला कुलूप लावलं, आत आले, बसले. म्हणाले, "तू काय म्हणालीस?"

"न्हाय म्हणाले."

"मग झालं की."

आईची मैदानावरची जागा गेलीय. ती आता दुसऱ्याच्या शेतात तण भांगलायला जाते. पहाटे जाते, दुपारी येते. आली की आम्ही दोघी गावाबाहेरच्या माळावर जातो. मी चेंडू मारते, ती गोळा करते. मग मी गोळा करते, ती बसते. गुडघे दुखतात म्हणते. पात्रता फेरीला बॅग घेऊन चालशील का, विचारलं. न चालायला काय झालं, म्हणाली.

मी बरंच काही गिळलं. आडनाव सांगितल्यावर गल्ली विचारणारे गिळले. 'अ‍ॅडजस्ट कर' गिळलं. आईवर हसणारे गिळले आणि नंतर तिच्यावर रडणारेही गिळले. रडणारे जास्त जड गेले. हसणाऱ्यांना आम्ही खाली पाहिजे होतो. रडणाऱ्यांनाही आम्ही खालीच पाहिजे होतो, फक्त उजेडात आणि नवी साडी नेसून.

आता नाही.

माफीच्या चार ओळी मी लिहिणार नाही. एकही लिहिणार नाही. माझं नाव काढायचं असेल तर त्यांनी काढावं, पण कारण लिहून काढावं. खुलं, सगळ्यांना वाचता येईल असं. 'हिच्या आईला आम्ही ग्रीनवर उकिडवं बसवत होतो आणि हिनं तिला उठवलं, म्हणून.' हे लिहा आणि खाली सही करा.

आणि तेवढी छाती नसेल, तर पात्रता फेरीच्या सकाळी मी पहिल्या टीवर उभी असेन. आई माझ्या शेजारी असेल. यादीत नाव असो नसो. माझी पाळी आली की मी चेंडू ठेवणार आणि मारणार. मला तिथनं हलवायचं असेल, तर हातापायाला धरून उचलून न्यावं लागेल.

मी स्वतःच्या पायानं जाणार नाही.